जर्मन शिकून पुढे काय?

मी शेलूला राहते असे सांगितले की पुण्याची माणसे हटकून विचारतात, "परभणीकडचे ना?" परभणीकडचे ते सेलू. आमचे शेलू कल्याण-कर्जत मार्गावरचे, वांगणी आणि नेरळ यांच्यामधले छोटे स्टेशन. अर्धे गाव अजून भातशेतीचे. उरलेल्या अर्ध्यात, मुंबईत जागा परवडत नाही म्हणून इकडे आलेल्या आमच्यासारख्यांच्या इमारती. सकाळी लोकल पकडायची, कॉलेजात मराठीचे तास घ्यायचे आणि संध्याकाळी जागा मिळाली तर उत्तरपत्रिका तपासत परत यायचे, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. जर्मन भाषेशी माझा संबंध यावा असे त्यात काही नव्हते. तो आला एका शेजाऱ्यांमुळे.

२०२४ च्या जूनमधला एक रविवार. आमच्या इमारतीमागे ज्यांचे जुने कौलारू घर आहे ते गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते बदलापूरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. मुलगी कला शाखेतून बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. वडिलांच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. 'तीन महिन्यांत जर्मन! सहाव्या महिन्यात जर्मनी!' खाली विमानाचे चित्र, आणि त्याखाली बारीक अक्षरात शुल्क: साडेतीन लाख रुपये.

"बाई," ते म्हणाले, "गाडीतला एक ओळखीचा सांगतोय, पोरीचं सोनं होईल. दोन गुंठे काढायचे म्हणतोय. तुम्ही भाषेतल्या. तुम्ही सांगा."

मी काही बोलण्याच्या आत मुलगी हळूच म्हणाली, "काकू, मला पुण्याला बी. ए. करायचंय, जर्मन घेऊन. नीट शिकायचंय."

"हे आणखी एक नवीन!" वडील वैतागले. "जर्मन घेऊन बी. ए. करायचं, आणि मग? शेलूत कोण जर्मन बोलतंय?"

हा 'आणि मग?' मला नेमका लागला. 'मराठी घेऊन एम. ए. करायचं, आणि मग?' असे माझ्या वडिलांनाही एकेकाळी नातेवाइकांनी विचारले होते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मनात जर्मनविषयी फारसा जिव्हाळाही नव्हता. अकरावीला आली की मुले दुसरी भाषा म्हणून मराठी सोडतात आणि जर्मन घेतात. कशासाठी, तर गुण चांगले पडतात म्हणून. बारावीचा निकाल लागला की त्यातली बहुतेक 'गुटेन टाग' एवढे लक्षात ठेवून बाकीचे विसरतात. आमच्या वर्गातले बाक असे दरवर्षी रिकामे होताना पाहिल्यावर त्या भाषेविषयी मनात अढी बसली तर नवल नाही. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने हाच सल्ला विचारला तेव्हा मी "काही भवितव्य नाही गं त्यात" असे दारातूनच सांगून मोकळी झाले होते. कशाच्या आधारावर, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून या वेळी मी म्हटले, "मला पंधरा दिवस द्या. तोवर कुणाला एक पैसाही देऊ नका."

चहा होईपर्यंत वडिलांनी आणखी एक शंका काढली. आपला आणि जर्मनीचा संबंध काय? इंग्रजांचे राज्य होते, इंग्रजी शिकलो. हे जर्मन कुठून आले? याचे उत्तर मात्र मला देता आले, कारण ते आमच्या खिडकीतून दिसत होते. माथेरानच्या डोंगराकडे बोट दाखवून मी विचारले, "नेरळच्या छोट्या गाडीची जुनी वाफेची इंजिने आठवतात?" त्यांना चांगलीच आठवत होती, लहानपणी ती पाहायला ते चालत नेरळला जात. १९०७ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेची ती चारही इंजिने बर्लिनच्या ओरेनश्टाइन आणि कोपेल या कारखान्यात बनलेली. दोन फुटांच्या अरुंद मार्गावर इतकी अवघड वळणे घ्यायची तर इंजिनाची टोकाची चाके थोडी वळली पाहिजेत. तशी वळणाऱ्या आसांची खास रचना त्यांत केलेली होती. फिटर माणूस! आस कसे वळतात यावर आमची दहा मिनिटे गेली. पुढे ती इंजिने निवृत्त झाली आणि डिझेलची आली. आणि डिझेल हे तरी काय, एका जर्मन इंजिनियरचे आडनावच आहे. "आणि तुमच्या कारखान्यातून माल कशातून जातो?" मी विचारले. "टेम्पोतून." टेम्पो हे हाम्बुर्गच्या एका मोटार कारखान्याचे नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्या कारखान्याशी सहकार्य करून गोरेगावला तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या, बजाज टेम्पो या कंपनीच्या नावाने. कंपनीने २००५ साली आपल्या नावातून 'टेम्पो' काढून टाकला; मराठीतून तो आता कोणी काढू शकणार नाही.

गृहस्थ हसले. पण जाताना म्हणाले, "ते ठीक आहे बाई. टेम्पोत बसायला जर्मन लागत नाही."

मुद्दा बरोबर होता. मग मी खरोखर शोधाला लागले. दोन-तीन शनिवार पुण्याला घालवले, कलिन्याला विद्यापीठात जाऊन आले, जर्मनवर पोट भरणाऱ्या ज्या ज्या ओळखीच्या-अनोळखी माणसांपर्यंत पोचता आले त्यांना प्रश्न विचारून भंडावले. आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की हा रस्ता आपल्यासाठी मुळीच नवा नाही. पुण्यात तर तो दीडशे वर्षांचा आहे.

आज जे डेक्कन कॉलेज आहे त्याच्या आधीच्या पूना कॉलेजात १८५९ पासून मार्टिन हाउग हे जर्मन पंडित संस्कृतचे काम पाहत होते. त्यांच्यामागून आले फ्रान्त्स कीलहॉर्न. १८६६ ते १८८१ ते डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती अजून अभ्यासक उघडतात. मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेओर्ग ब्यूलर. या मंडळींच्या सहवासात आपल्या पंडितांना कळले, की आपल्याच ग्रंथांवरचे निम्मे संशोधन जर्मनमध्ये छापले जाते आणि ते वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. दुसऱ्या वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला जाऊन आले. त्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यात जी संस्था निघाली, तिच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९२५ पासून ज्यांनी सांभाळले ते विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे शिकून डॉक्टर झाले. शेकडो हस्तलिखिते समोर मांडून मूळ पाठ कसा निवडायचा याची शिस्त त्यांनी तिथून आणली. ते १९४३ साली गेले. आवृत्ती पुरी झाली १९६६ साली.

पण मला सर्वांत जवळची वाटली ती इरावतीबाई कर्व्यांची हकीकत. 'युगान्त' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. ते ज्या महाभारताच्या आधाराने लिहिले ती हीच सुकथनकरांची आवृत्ती. इरावतीबाई १९२८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बर्लिनला गेल्या. यजमान दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यांचा पाठिंबा होता. सासरे महर्षी अण्णासाहेब कर्वे, म्हणजे स्त्रीशिक्षणाचा मूर्तिमंत पुरस्कार. पण सुनेने जर्मनीला जावे हे त्यांनाही पसंत नव्हते असे चरित्रकार सांगतात. कर्ज काढून त्या गेल्या. तिथे ऑयगेन फिशर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांना विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. युरोपियांच्या कवट्यांत ही असमानता अधिक, आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, अशी गुरुजींची अटकळ होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि जर्मनमध्ये प्रबंध लिहून सांगितले, की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, परीक्षकच गुरू असताना हे लिहायचे! दोन वर्षांत त्या डॉक्टरेट घेऊन परत आल्या. गुरूंशी असहमत होण्याइतकी जर्मन यायला किती जर्मन यावी लागत असेल, याचा विचार मी त्या पत्रकावरच्या तीन महिन्यांकडे पाहत पुष्कळ वेळ केला.

याच जागी माझी एक जुनी खंत सांगून टाकते. एम. ए.ला असताना मी लोकदैवतांवर एक निबंध लिहीत होते. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या धनगरांच्या देवांवर ज्यांनी आयुष्य वेचले ते गुंथर सोंथायमर हायडेलबर्गचे. अस्खलित मराठी बोलत, धनगरांच्या वाड्यांवर आणि जेजुरीच्या जत्रेत रमणारा हा माणूस. त्यांचा ग्रंथ १९७६ साली निघाला तो जर्मनमध्ये. जर्मनमध्ये 'आणि'ला 'उंट' म्हणतात, त्यामुळे ग्रंथाचे नाव कानाला 'बिरोबा, म्हस्कोबा उंट खंडोबा' असे ऐकू येते! आम्ही पोट धरून हसलो होतो. पण हसून झाल्यावर मला तो ग्रंथ १९८९ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरातूनच वाचावा लागला. माझ्या मुलखातल्या माझ्या देवांविषयी एक जर्मन माणूस जे लिहून गेला, ते मूळ शब्दांत वाचण्याची माझी पात्रता नव्हती. तेव्हा मी जर्मनच्या वर्गात नाव घातले, आणि दीड महिन्यात सोडले. लोकल चुकत होती, हे कारण. खरे कारण म्हणजे कंटाळा.

आता ती मुलगी सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर गाडीत असली की पुस्तक उघडते, आणि मला कळते की मी काय सोडले. जर्मन अवघड, अवघड असे जे म्हणतात ते इंग्रजांचे रडगाणे आहे. मराठी माणसाने ते उसने घेण्याचे काही कारण नाही. त्या भाषेत तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज कपाळाला हात लावतो. आपल्याकडे तो, ती, ते जन्मापासून आहेत. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी, याची जगभर थट्टा होते. पण 'शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की जर्मन शब्द नपुंसक होतो. आपल्याकडे कोकरू, पाखरू, वासरू, लेकरू यांचे काय होते? आणि मालवणी घरात 'चेडू' नपुंसकलिंगीच असते, त्याने कोणी मुलीचा अपमान झाला असे मानत नाही. 'त्स' असा ज्याचा उच्चार ते जर्मन अक्षर इतरांना जड जाते. आपण 'चाक' आणि 'चूल' म्हणताना तोच उच्चार करतो. वाक्याची ठेवण पाहा: 'वाइल इश डॉइच लेर्ने', शब्दाला शब्द ठेवला तर 'कारण मी जर्मन शिकते'. गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकतात, अगदी आपल्यासारखे. मुख्य वाक्यात मात्र ते उडी मारून दुसऱ्या जागी येते, आणि तिथे सगळे घसरतात.

आकड्यांची तर मोठी गंमत. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' म्हणावे असे आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तो वाचकांना आठवत असेल. जर्मन मुलेही 'सात आणि वीस' असेच म्हणतात, आणि 'वीस-सात' म्हणू द्या अशी मागणी करणारी मंडळी तिकडेही आहेत.

असो. व्याकरणात रमले की मला भान राहत नाही. व्यवहाराकडे येते.

पदवीला जर्मन घ्यायचे तर आपल्याकडे पहिले नाव पुण्याचे. फर्ग्युसन, स. प. यांसारख्या जुन्या महाविद्यालयांत जर्मनचे विभाग आहेत. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात एम. ए. करता येते, आणि नोकरी किंवा दुसरे शिक्षण सांभाळून करण्याचे प्रमाणपत्र व पदविका वर्गही आहेत. रानडे इन्स्टिट्यूटच्या त्या वर्गांतून पुणेकरांच्या किती पिढ्या गेल्या आहेत. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला. शेलूहून जायचे तर कुर्ल्याला उतरून बस. राज्याबाहेर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ ही दोन मोठी ठिकाणे, प्रवेश परीक्षा देऊन जाण्याची. पदवी कोठूनही घ्या, तिच्या जोडीला मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षा द्याव्यात असे मला सर्वांनी बजावले. गोएटे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेने भारतातल्या आपल्या शाखांना मॅक्स म्युलरांचे नाव दिले आहे. ऋग्वेद छापणारे हे पंडित हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत, ही गोष्ट वेगळी. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा पायऱ्या. परदेशातली कचेरी किंवा इथली कंपनी विचारते ते या पायरीचे नाव, बी. ए.ला किती टक्के पडले हे नंतर.

आणि इथेच त्या पत्रकाचे बिंग फुटले. पंचेचाळीस मिनिटांचा एक तास धरला तर बी-२ या पायरीला पोचायला सहाशे ते आठशे तास शिकावे लागतात, असे खुद्द गोएटे इन्स्टिट्यूटच सांगते. मी कागदावर भागाकार केला. नव्वद दिवसांत सहाशे तास म्हणजे रविवारसुद्धा न सोडता दिवसाला जवळजवळ सात. घरचा अभ्यास त्याखेरीज. आणि दवाखान्यात परिचारिका म्हणून तिकडे नोंदणी व्हायची तर साधारण बी-२ लागतेच. शिवाय इथल्या पदविकेची तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडणी होते, कमी पडेल त्याची परीक्षा द्यावी लागते. मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेतलेलेच नव्हते. मग सहाव्या महिन्यात ती जर्मनीला जाऊन करणार काय होती? पत्रकात त्याविषयी एक अक्षर नव्हते. होता तो एका सरकारी कराराचा उल्लेख. करार खरा आहे: २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांची गोष्ट निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे परवाने वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तिकडे म्हातारी माणसे वाढली, काम करणारे हात कमी पडले, हे खरेच आहे. पण दोन सरकारांनी सह्या केल्या म्हणजे आपल्या हातात नेमणुकीचे पत्र पडले असे नव्हे, आणि त्या कराराचे नाव छापून साडेतीन लाख मागण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही. तिकडे जाऊन पगारी उमेदवारी करत धंदेशिक्षण घेण्याचा तीन वर्षांचा मार्ग आहे, तो चांगला आहे. पण त्यालाही भाषा आधी लागते.

उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांची वाट निराळी. २०२३-२४ साली जर्मनीत सुमारे एकोणपन्नास हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आता चिन्यांपेक्षाही आपली संख्या जास्त आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही, ही मोठी ओढ. तरी बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सहामाहीला दीड हजार युरो भरावे लागतात. शिवाय वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत अडकवून ठेवायची. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. 'फुकट शिक्षण' या शब्दाने हुरळून जाणाऱ्या पालकांनी हा आकडा आधी वहीत लिहावा.

आता 'आणि मग?' या प्रश्नाचे उत्तर. जर्मन शिकलेला माणूस शिक्षक होतो, भाषांतरकार होतो, दुभाषी होतो, किंवा कंपनीत जातो. शिक्षकाला मागणी आहे. शाळांत, खाजगी वर्गांत, आणि आता परदेशी निघालेल्यांच्या शिकवण्यांत. पण त्या नोकरीची दोरी पुष्कळदा धोरणाच्या हातात असते. २०११ साली केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून आली, हजारो मुले शिकू लागली, शिक्षक नेमले गेले; आणि २०१४ साली, ऐन वर्षाच्या मध्यात, तिच्या जागी संस्कृत ठेवण्याचा निर्णय झाला. कीलहॉर्न आणि भांडारकरांच्या देशात संस्कृत आणि जर्मन यांना एकमेकींच्या सवती करून उभे करावे, हे मला तरी विचित्र वाटले. पण ज्याची नोकरी डळमळली त्याला या विनोदाचे काय?

भाषांतराचे काम बदलले आहे. कोलोनच्या एका कंपनीने २०१७ साली काढलेले यंत्र पत्र, माहितीपुस्तिका, बिले क्षणात फिरवून देते, आणि आता तशी पुष्कळ यंत्रे झाली. पानाला इतके पैसे या हिशोबाने साधा मजकूर उलथणाऱ्याचे दिवस कठीण आहेत, हे मला एका अनुभवी भाषांतरकार बाईंनी स्पष्टच सांगितले. त्यांना स्वतःला काम कमी नाही. कारण त्या औषधांच्या कागदपत्रांचे काम करतात आणि यंत्राची चूक कुठे पडते ते त्यांना कळते. ती चूक पकडायला यंत्रापेक्षा जास्त जर्मन यावी लागते.

वाङ्मयीन भाषांतरावर कुणाचा संसार चालत नाही. तो हौसेचा मामला. पण पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' आणि खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' हे दोन्ही मूळ ब्रेख्टचे, आणि मराठी रंगभूमीला त्यांनी दिले ते पैशांत मोजायचे नाही. जर्मन वाङ्मय थेट मराठीत आणणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील. मराठीच्या प्राध्यापिकेचा यात स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही.

राहिल्या कंपन्या. चाकणला फोक्सवागेन आणि मर्सिडीज-बेंझ, पुण्यात आलियान्झ आणि डॉइच बँक यांच्या मोठ्या कचेऱ्या, ठाण्याला बायर. आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने. इथे जर्मन येणाऱ्या माणसाला जागा आहे, पण जर्मनबरोबर आणखी काय येते ते विचारतात. हिशोब, विमा, खरेदी, संगणक, यंत्रे, काहीतरी एक. हे मला नीट पटवून दिले ते कोणा व्यवस्थापकाने नव्हे, आमच्या फिटर शेजाऱ्यांनीच. मी माझा पंधरा दिवसांचा अहवाल सांगत होते तेव्हा त्यांना एकदम आठवले. त्यांच्या कारखान्यात नवा प्रेस बसवायला जर्मन इंजिनियर आला होता, इंग्रजी बेताचेच, म्हणून सोबत दुभाषी मुलगी. साहेब 'वेर्कझॉइग' म्हणाला, तिने सांगितले, "हत्यारे आणा." यांनी पान्यांची पेटी नेऊन ठेवली. साहेब डोके हलवतो आणि पुन्हा तेच म्हणतो. शेवटी यांनी प्रेसमधल्या डायवर हात ठेवला तेव्हा साहेबाचा चेहरा खुलला. त्या भाषेत हत्यारालाही वेर्कझॉइग आणि प्रेसच्या डायलाही वेर्कझॉइग. "पोरगी हुशार होती," ते म्हणाले, "पण तिनं प्रेस कधी बघितलाच नव्हता." मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या हिला मी दाखवू शकतो."

गुंठे विकले गेले नाहीत. गाडीतला ओळखीचा पुन्हा आला तेव्हा यांनी त्याला सहाशे तासांचा भागाकार करून दाखवला. तो कल्याणला उतरून दुसऱ्या डब्यात गेला असे म्हणतात, पण यात शेजाऱ्यांची थोडी भर असावी. मुलीने पुण्याच्या एका महाविद्यालयात जर्मन घेऊन बी. ए.ला प्रवेश घेतला. वसतिगृहाचा खर्च वर्षाला किती येतो हे पाहून वडील पहिल्या महिन्यात गप्प गप्प होते, आणि अजूनही दर महिन्याच्या सुरुवातीला असतात. ती शनिवारी लेखापालनाचा एक वर्ग करते. सुट्टी लागली की पुण्याहून कर्जतला आणि तिथून लोकलने शेलूला येते. एका सुट्टीत तिने कारखान्याच्या परवानगीने एक आठवडा वडिलांबरोबर जाऊन यंत्रांच्या भागांची यादी केली: मराठी नाव, कामगारांचे नाव, जर्मन नाव. ती वही मी पाहिली आहे. त्यातले निम्मे मराठी शब्द मला ठाऊक नव्हते.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. बी-१ ची परीक्षा चार भागांत असते: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. तिचे पहिले तीन भाग उत्तीर्ण झाले, संभाषण राहिले. तेवढाच भाग पुन्हा देता येतो, आणि ती जानेवारीत देणार आहे. वडिलांना या निकालाचे फार आश्चर्य वाटले.

"बोलण्यात नापास?" ते मला म्हणाले. "बाई, घरी आली की ही एक मिनिट गप्प बसत नाही हो!"